मदत हवी आहे : लिनक्सवर माईक एका साउंड कार्डावर आणि ऐकणं दुसऱ्या कार्डावर, हे कायमचं बसवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातून लिहितोय, मलप्रभेच्या उगमाकडच्या अंगाला आमचं गाव. गावच्या भजनी मंडळातले बुवा ऐंशी ओलांडलेले आहेत. काकड्याच्या आणि गौळणींच्या ज्या चाली त्यांच्या गळ्यात आहेत त्या आता दुसऱ्या कुणाला येत नाहीत. मधेच एखादं कानडी पद घेतात, तेही त्याच ठेक्यात. हे सगळं नीट रेकॉर्ड करून ठेवायचं आम्ही मनावर घेतलंय. पावसाच्या आत उरकायला हवं, कारण आमच्याकडे पाऊस एकदा बसला की पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही.

मृदंग वाजवणारे उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, रविवारीच मोकळे. बुवांचा गळा लागतो तो पहाटे. शिवाय आता आवाज बारीक झालाय, मृदंगासमोर बसवलं तर दबून जातो. म्हणून मृदंग आणि पेटी आधी रेकॉर्ड करून घेतली. बुवा हेडफोन लावून ती ऐकत म्हणतात. थोडक्यात, हेडफोनात मृदंग-पेटी आणि माईकात फक्त बुवा, दोन्ही एकाच वेळी चालायला हवं.

मशीन जुना डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स मिंट 22 आणि रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हा प्रोग्राम. मदरबोर्डच्या कार्डावरून ऐकू झकास येतं, पण त्याच्याच गुलाबी सॉकेटात माईक लावला की सतत गुणगुण. म्हणून यूएसबी माईक घेतला. त्याला हेडफोनचं सॉकेट नाही. शिवाय वेबकॅम जोडलेला असतो, कारण बुवा टाळ कसा धरतात, हात कुठे सोडतात तेही टिपायचंय. वेबकॅमला स्वतःचा माईक आहे, तो नकोय.

टर्मिनलमध्ये ‘एरेकॉर्ड -एल’ (रेकॉर्डिंगच्या कार्डांची यादी) दिलं की तीन कार्डं दिसतात : 0 वर मदरबोर्ड, 1 वर वेबकॅम, 2 वर यूएसबी माईक. शोधाशोध करून होम फोल्डरमध्ये ‘.असाउंडआरसी’ फाईल केली. त्यात ‘असिम’ प्रकार (ऐकायला एक कार्ड, माईकला दुसरं) वापरून प्लेबॅक 0 नंबरला आणि कॅप्चर 2 नंबरला दिलंय. माईकला 48000 हर्ट्झच चालतात, म्हणून दोन्हीकडे ‘प्लग’चं, म्हणजे रेट आपोआप जुळवून घेणारं, वेष्टणही घातलंय. चालतं, पण असं :

वीज जाऊन आली, मशीन परत सुरू झालं, की कधी वेबकॅम 2 वर येतो आणि माईक 1 वर. पडद्यावर लाटा उमटतात, सगळं ठीक वाटतं, आणि नंतर ऐकावं तर बुवा विहिरीतून बोलल्यासारखे. एक अख्खी सकाळ अशी गेली. बुवांना परत म्हणायला लावताना जीवावर येतं हो, पहाटेचा गळा एकदाच लागतो.

ब्राउझर उघडा असला तर कधी कधी ‘डिव्हाइस बिझी’ म्हणून ऑडॅसिटी रेकॉर्डिंगच घेत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात छळते. काकडा सलग चाळीस मिनिटांचा. सुरुवातीला आवाज आणि मृदंग अगदी समेवर. शेवटाकडे बुवा मागे पडल्यासारखे ऐकू येतात. बुवा समेला चुकणारे नव्हेत, मी समोर बसलेलो असतो. मग हे सरकतं कुठे?

नवीन कार्ड आणा असं सांगू नका, मंडळाकडे तेवढे पैसे नाहीत. आहे त्यातच बसवायचंय.

निपाणीहून प्रतिसाद

दादा, आधी ती असाउंडआरसी फाईल काढा. पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा. ती युक्ती खोटी नाही, पण ज्या काळात प्रोग्राम थेट अल्साशी, म्हणजे साउंड कार्ड चालवणाऱ्या लिनक्सच्या आतल्या भागाशी, बोलायचे त्या काळातली आहे. 2007-08 पासून फेडोरा, उबुंटू यांनी मधे पल्सऑडिओ बसवला. 2021 मध्ये फेडोराने पाइपवायर आणला आणि तुमच्या मिंट 22 मध्येही आता तोच आहे. सगळ्या प्रोग्रामांचा आवाज गोळा करून योग्य कार्डाकडे पाठवणं हे त्याचं काम. तुमच्या फाईलमुळे ऑडॅसिटी त्याला वळसा घालून थेट कार्डाला हात घालते. कार्ड त्या वेळी पाइपवायरकडे असलं, ब्राउझर काही वाजवत असला, की झालं बिझी.

नंबरांचं म्हणाल तर यूएसबीवाल्यांचे नंबर भरवशाचे नसतातच. चालू होताना जो आधी सापडला त्याला आधीचा नंबर. पाइपवायर उपकरण लक्षात ठेवतो ते नावावरून, म्हणून नंबर बदलले तरी त्याला फरक पडत नाही.

आता काय करा : पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल नावाचा प्रोग्राम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. नावात पल्स असलं तरी पाइपवायरवर व्यवस्थित चालतो. शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबवर जाऊन वेबकॅमचं प्रोफाइल ‘ऑफ’ करा. चित्राला धक्का लागत नाही, कॅमेऱ्याचं चित्र आणि त्याचा माईक हे दोन वेगळे ड्रायव्हर सांभाळतात. मदरबोर्डच्या कार्डाला ‘ॲनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स’ असेल, ते बदलून ‘ॲनालॉग स्टिरिओ आउटपुट’ करा. म्हणजे गुलाबी सॉकेटही यादीतून गेलं. उरला एकच माईक, मग चुकायला जागाच नाही. हे प्रोफाइल रीस्टार्टनंतरही टिकतं.

ऑडॅसिटीत होस्ट अल्साच राहू द्या, पण प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग दोन्हीकडे ‘डिफॉल्ट’ निवडा, म्हणजे आवाज पाइपवायरमधूनच जाईल. यादीत कंसात ‘एचडब्ल्यू’ लिहिलेली नावं दिसतील, ती थेट कार्डाची, त्यांना हात लावू नका.

बेळगावहून प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर. तिसऱ्या अडचणीबद्दल सांगतो, कारण ती खरी पक्की अडचण आहे आणि बुवांचा त्यात काडीचा दोष नाही.

प्रत्येक साउंड कार्डात स्वतःचा क्रिस्टल, म्हणजे ठोके देणारा स्फटिक, असतो. सेकंदाला 48000 नमुने मोजायचे ते त्याच्या ठोक्यावर. दोन कार्डं म्हणजे दोन घड्याळं, आणि दोन घड्याळं तंतोतंत कधीच जुळत नाहीत. समजा दहा लाखांत पन्नासाचा फरक आहे. ऐकायला काहीच नाही. पण चाळीस मिनिटं म्हणजे 2400 सेकंद, त्यात फरक पडला 0.12 सेकंदाचा. मिनिटाला शंभर मात्रांची लय धरली तर एक मात्रा 0.6 सेकंदाची, म्हणजे मात्रेचा पाचवा हिस्सा सरकला. समेवर कान असलेल्या माणसाला हे खटकणारच. पाच मिनिटांच्या एका अभंगात हाच फरक 0.015 सेकंद होतो, तो कुणाला कळायचाही नाही.

दोन्ही कार्डं पाइपवायरमधून गेली की तो एकाच्या घड्याळाला प्रमाण धरतो आणि दुसऱ्याचा आवाज चालता चालता किंचित ताणून-आवळून त्याच्याशी जुळवत राहतो. थेट कार्डाला हात घातला की ही सोय गेली. म्हणजे तुमची दुसरी आणि तिसरी अडचण एकाच फाईलमधून आलीय बघा.

सरकणं थांबलं तरी एक ठराविक उशीर राहतो, तो मोजून घ्या. ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’, म्हणजे या उशिराची भरपाई, आहे. तिथे मुळात उणे 130 मिलिसेकंद असतात, ते 0 करा. जनरेट मेनूतून ऱ्हिदम ट्रॅक (नुसते ठोके) काढा, हेडफोनची एक वाटी माईकला चिकटवून धरा आणि ट्रॅक वाजवत रेकॉर्ड करा. मग झूम करून मूळ ठोका आणि रेकॉर्ड झालेला ठोका यांतलं अंतर मोजा. जेवढे मिलिसेकंद येतील तेवढे उणे चिन्ह लावून त्या चौकटीत भरा.

प्रोजेक्टचा रेटही 48000 ठेवा. माईक 48000 वर, पाइपवायर मुळात 48000 वर, मग उगीच 44100 करून बदलाबदल कशाला? आणि हेडफोन बंद वाट्यांचे घ्या, नाहीतर मृदंग झिरपून माईकात शिरतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सांगितलं तसं केलं. फाईल बाजूला ठेवली, वेबकॅमचा माईक आणि गुलाबी सॉकेट दोन्ही बंद. मुद्दाम मशीन बंद-चालू करून पाहिलं, माईक काढून दुसऱ्या यूएसबी पोर्टात घातला, तरी निवड तीच राहिली. ‘एरेकॉर्ड -एल’मध्ये नंबर अजूनही अदलाबदल होतात, पण आता त्याने काही बिघडत नाही.

वाटी माईकला लावून मोजलं तेव्हा 164 मिलिसेकंद आले. तेवढे उणे भरल्यावर ठोक्यावर ठोका बसला. आज पहाटे बुवांनी अख्खा काकडा म्हटला. शेवटच्या अभंगाची सम मी मोठी करून पाहिली, मृदंगाची थाप आणि बुवांचा शब्द एकाच रेषेत. बुवांना ऐकवलं, ते म्हणाले, “आता बरोबर हाय. परवा गौळणी घेऊया.”

एक विचारायचं राहिलं. साठवून ठेवताना फ्लॅकमध्येच ठेवू ना? एमपी-थ्री मंडळाच्या व्हॉट्सॲपसाठी वेगळी काढतो.

बेळगावहून प्रतिसाद

हो, मूळ फ्लॅकमध्येच, त्यात आवाजातलं काही गळत नाही. बुवांचा ट्रॅक आणि मृदंग-पेटीचा ट्रॅक वेगवेगळेही ठेवा, चाल शिकणाऱ्याला नुसता गळा ऐकायला लागतो. आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्या डिस्कवर. फाईलच्या नावात चालीचं नाव, गाव आणि तारीख घाला, आणि कानडी पदांना ‘कानडी’ असं लिहायला विसरू नका.