बॅकअप घेतच होतो ना बे! (अनुभव धागा)

खटपट्या_धरमपेठ
काल दुपारी लाइट गेली आणि यूपीएसनं टीं टीं सुरू केलं. बाहेर ४५ डिग्री, कूलर बंद, आणि मला एकदम २०१९ चा मे आठवला. त्या मे मध्ये घरचे सगळे फोटो गेले. आज लिहूनच टाकतो, तुम्हीपण लिहा.

घरी दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरचा फाइलींचा डबा) होता, रेड १ वर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच. रोज रात्री २ ला जुन्या लिनक्स पीसीवर आरसिंक (कॉपीचा प्रोग्राम) चालायचं, नॅसचा फोल्डर पीसीला जोडून म्हणजे माउंट करून पीसीच्या डिस्कवर कॉपी, वरून डिलीटचा ऑप्शन लावलेला, म्हणजे नॅसवरून जे काढलं ते बॅकअपमधूनही जाणार. स्क्रिप्ट माझीच, सहा ओळींची, चारचौघात दाखवायचो. तर लाइट गेली, चारला आली, पीसी आपोआप सुरू झाला आणि नॅस काही उठला नाही. माउंट झालं नाही तरी फोल्डर तर राहतोच ना, रिकामा. रात्री २ ला आरसिंक आलं, बघतं तर इकडे काहीच नाही, मग म्हणे तिकडे तरी कशाला ठेवू. सफाचट. एरर एक नाही, लॉगमध्ये ‘पूर्ण झाले’. सकाळी नॅस उघडला तर डिस्क टकटक करत होती. ताईचं लग्न, बाबांच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम, सगळं एकाच रात्री दोन्हीकडून गेलं.

तर्री_जास्त
अरे पण रेड होतं ना?

खटपट्या_धरमपेठ
होतं. एक डिस्क मार्चमध्येच गेली होती. तेव्हापासून नॅस बोंबलायचा, आईला वाटायचं इन्व्हर्टर वाजतोय, रोज विचारायची, म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन बझरच बंद केला. रविवारी बघू म्हटलं.

तर्री_जास्त
कोणता रविवार ते आईला सांगितलं नव्हतं ना, मग चालते 😂

मी_सदरवाली
७७७. बस. एवढंच लिहून थांबणार होते पण कणीक मुरायला ठेवलीय तर सांगते. ऑफिसात शेअरवरची फाइल एकाला उघडत नव्हती, साहेब मागे उभे, "झालं का झालं का". मी सीएचमॉड आर ७७७ (आतलं सगळं सगळ्यांना मोकळं करायची कमांड) आणि पुढे टिंब स्लॅश, म्हणजे हाच फोल्डर, द्यायचं तर टिंबच राहिलं. गेलं ना थेट रूटपासून, म्हणजे अख्ख्या मशीनवर. दोन सेकंदात कंट्रोल सी दाबलं पण व्हायचं ते झालं होतं. मग सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) चालेना, ते म्हणे माझ्यावरचा सेटयूआयडी बिट, म्हणजे ॲडमिन म्हणून चालायची खूण, कुठाय, एसएसएच (दुरून लॉगिन) चावी घेईना, ते म्हणे परमिशन फार मोकळ्या आहेत. सगळ्यांना सगळं उघडं करून दिलं आणि मलाच दार बंद. आणि साहेब विचारतात, "पण ती फाइल उघडते ना आता?" उघडत होती 🙏

पेन्शनर_महाल
यूपीएसची बॅटरी नागपुरात बर्डीवर कुठे चांगली मिळते? माझीही वाजून राहिली.

ओळखा_पाहू
मी आणि धाकटा भाऊ, दोघांचे दोन लिनक्स लॅपटॉप, एकच एनएफएस (नेटवर्कवरचा सामायिक फोल्डर). माझ्या फाइली त्याला त्याच्या नावावर दिसायच्या आणि त्याच्या मला माझ्या. महिनाभर भांडलो की तू माझं काऊन उघडतो. कारण काय तर दोघांच्याही मशीनवर आपापला यूजर नंबर १०००, आणि एनएफएस साध्या सेटिंगमध्ये नंबरच पाहते, नाव नाही. त्याचा १००१ केला आणि त्याच्या फाइलींवर चाउन मारलं (मालक बदलला), तेव्हा शांतता. आई म्हणे एवढं भांडण तर प्लॉटसाठी नाही झालं.

डीटीपी_इतवारी
माझं वेगळंच. मराठी फाइलनावं. मॅकवरून लिनक्सवर बॅकअप, काही फाइली आधीच पीसीवरून तिथे टाकलेल्या. त्यातल्या ‘दुसऱ्या आवृत्तीचे’, ‘वऱ्हाडी शब्द’ असल्याच फाइली परत कॉपी व्हायच्या, बाकीच्या नाही. मग एकाच नावाच्या दोन-दोन दिसायच्या! डोळे फोडून पाहिलं, अक्षरात फरक नाही. दोन दिवसांनी ट्यूब पेटली, सगळ्यांत ‘ऱ’ आहे. जुना मॅक (डिस्कवर एचएफएस प्लस फाइलसिस्टिम) तो ‘र’ आणि खाली नुक्ता असा फोडून ठेवतो, लिनक्सवर अख्खा ‘ऱ’ तसाच राहतो. डोळ्याला एक, कॉम्प्युटरला दोन. आरसिंकला आयकॉन्व्ह नावाचा, फाइलनावांचं एन्कोडिंग बदलणारा ऑप्शन आहे तो लावला, पण मॅकमधलं आरसिंक इतकं जुनं की त्याला तो माहीतच नाही, आधी नवीन टाकावं लागलं. तोवर मी सिरीयसली विचार करत होतो की नावांतून ‘ऱ’च काढावा.

तर्री_जास्त
दुसर्‍या असं साध्या ‘र’नं लिहिणारे सुखी म्हणायचे 😄

डीटीपी_इतवारी
ते वेगळंच दुखणं भाऊ, त्यात न दिसणारं अक्षर असते. त्या विषयावर मले बोलायला लावू नको.

क्रॉनग्रस्त
बॅकअपची स्क्रिप्ट हातानं चालवली की चालते, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) नाही. ओळखीचं आहे का कोणाला? पाथ पूर्ण दिला तरी नाही. मी क्रॉनटॅबमध्येच (क्रॉनच्या कामांची यादी) तारखेचं फाइलनाव बनवत होतो, टक्क्याचं चिन्ह टाकून. क्रॉनटॅबमध्ये टक्का म्हणजे नवी ओळ, पुढचं सगळं कापलं जाते. तीन आठवडे बॅकअप शून्य. हे कोण सांगते का आधी.

मी_सदरवाली
मॅन्युअल सांगतं 😛

क्रॉनग्रस्त
ताई, पोळ्या करा.

पेन्शनर_महाल
माझा जुना नॅस विंडोजमधून दिसतच नव्हता. नवीन पीसी घेतला तेव्हापासून. पोरगा पुण्याहून फोनवर म्हणाला बाबा एसएमबी १ (फाइल शेअर करायची जुनी पद्धत) बंद केलं आहे मायक्रोसॉफ्टनं, २०१७ ला त्या वॅनाक्राय व्हायरसनं त्याच्यातूनच धुमाकूळ घातला होता. १७०९ आवृत्तीपासून नव्यानं टाकलेल्या विंडोज १० मध्ये ते एक तर नसते, नाही तर काही दिवस न वापरलं की आपोआप निघून जाते. चालू करता येते पण करू नका म्हणे, आधी माल काढून घ्या. जुन्या लॅपटॉपवरून काढला. आठ तास लागले. बॅटरीचं कोणी सांगितलं नाही अजून.

तर्री_जास्त
@खटपट्या मग आता काय करतोस?

खटपट्या_धरमपेठ
नॅसवर एक लपलेली फाइल ठेवलीय, नाव ‘मी_जिवंत_आहे’. स्क्रिप्ट आधी ती शोधते, नाही सापडली की तिथेच थांबते आणि मला मेल करते. मॅक्स डिलीट ५० वर, म्हणजे एका वेळी त्याहून जास्त फाइली काढणार नाही. आणि तिसरी कॉपी ताईकडे अमरावतीला, दर दिवाळीला डिस्क बदलून आणतो. लग्नाचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरून गोळा केले, दीडेकशे मिळाले, सगळे धूसर, त्यातले चाळीस तर जेवणाच्या पंगतीचेच. मामानं फक्त मठ्ठ्याचे काढले होते.

ओळखा_पाहू
मामा बरोबर आहे.

खटपट्या_धरमपेठ
@पेन्शनर काका, व्यनि (खासगी निरोप) केलाय. जुनी बॅटरी सोबत घेऊन जा, पैसे कमी होतात.