बाजारभावाचा अंदाज इंग्रजीत लिहिताना: विल, मे, माइट, कुड, शुड यांतलं कुठे काय?

हळदपेठ सांगली
मार्केट यार्डातल्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या बाजाराची आठवड्याची टिपणी परराज्यातल्या खरेदीदारांना इंग्रजीतून जाते. अडतीवर बोलताना ‘दर वाढणार’, ‘वाढेल’, ‘वाढेलसं वाटतंय’, ‘वाढायला हवा’, ‘वाढू शकतो’ यांतलं काहीही म्हटलं तरी बोलणाऱ्याला किती खात्री आहे ते समोरच्याला कळतं. इंग्रजीत तेच उतरत नाही. नमुन्याला तीन वाक्यं:
१. प्राइस कॅन राइज नेक्स्ट वीक.
२. अरायव्हल्स कुड नॉट इन्क्रीज बिफोर होळी.
३. प्राइस शुड फॉल आफ्टर मार्च.
पहिलं विचित्र वाटतं, दुसऱ्याचा अर्थ उलटा लागतो आणि तिसरं वाचून दर पडावा अशी आमचीच इच्छा आहे असं वाटतं. नेमकं कुठे चुकतंय?

व्याकरण कट्टा, कराड
तिन्ही ठिकाणी मराठी क्रियापदाला इंग्रजी शब्द एकास एक जोडलाय, चूक तिथेच आहे.

पहिलं वाक्य. ‘शकतो’ म्हणजे कॅन, हे शाळेत डोक्यात बसतं. पण कॅन क्षमता सांगतं, नाहीतर एखादी गोष्ट एरवी कधीतरी घडते एवढं सांगतं. ‘टर्मरिक प्राइसेस कॅन स्विंग शार्पली इन अ सिंगल वीक’ हे बरोबर, कारण तो हळदीचा स्वभाव झाला. ‘पुढच्या आठवड्यात वाढू शकतो’ हा एका ठराविक वेळेचा अंदाज आहे, तिथे होकारार्थी वाक्यात कॅन चालत नाही. मे, माइट किंवा कुड घ्या: ‘प्राइसेस कुड राइज नेक्स्ट वीक’. कुड हे कॅनचं भूतकाळी रूप म्हणून शिकवलं जातं, त्यामुळे भविष्याबद्दल लिहिताना हात अडखळतो. इथे त्याचा भूतकाळाशी काही संबंध नाही.

दुसरं वाक्य. होकारात मे, माइट, कुड जवळजवळ एकाच पंगतीत बसतात, पण नकार आला की पंगत मोडते. ‘मे नॉट इन्क्रीज’ आणि ‘माइट नॉट इन्क्रीज’ म्हणजे कदाचित वाढणार नाही. ‘कुड नॉट इन्क्रीज’ म्हणजे वाढू शकली नाही, किंवा वाढणं शक्यच नाही. आवक होळीआधी कदाचित वाढणार नाही असं म्हणायचं असेल तर ‘माइट नॉट’ लिहा. ‘मे नॉट’ही चालतं, पण ‘यू मे नॉट एंटर’सारख्या वाक्यात तेच परवानगी नाकारतं, म्हणून माइट जास्त सुरक्षित.

तिसरं वाक्य व्याकरणाने बरोबर आहे आणि तरीही तुमची शंका रास्त आहे. आपल्या ‘यायला हवी’चंच बघा. ‘गाडी पाचपर्यंत यायला हवी’ यात अपेक्षाही आहे आणि आग्रहही. शुड तसंच आहे. हिशोबाप्रमाणे जे घडायला पाहिजे, आणि घडलं तर बरंच, तिथे ते शोभतं: ‘द ट्रक शुड रीच बाय फाइव्ह’. नको असलेल्या गोष्टीला लावलं की कानाला खटकतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ‘द रिव्हर शुड क्रॉस ४५ फीट टुनाइट’ लिहिलंत तर तुम्ही पुराची वाट बघताय असं वाटेल, ‘पाणी पंचेचाळीसच्या वर जायला हवं’ म्हटल्यावर मराठीत वाटतं तसंच. तिथे ‘इज लाइकली टू क्रॉस’.

दराचं तर आणखी नाजूक. दर पडणं खरेदीदाराला हवं असतं, शेतकऱ्याला नको असतं. म्हणजे शुड वापरलं की तुम्ही कुणाच्या बाजूचे तेही नकळत सांगून जाता. टिपणीत तटस्थ राहायचं तर ‘प्राइसेस आर लाइकली टू ईज आफ्टर मार्च’. शुडन्टचं गणित बरोबर उलट: नको असलेली गोष्ट बहुधा होणार नाही असा दिलासा त्यात असतो. ‘देअर शुडन्ट बी एनी डिले इन लोडिंग’ हे बिनधास्त लिहा.

घाट रस्ता
वर सुटलेली गोष्ट म्हणजे मराठीचं ‘ईल’ आणि इंग्रजीचं विल सारख्या वजनाचे नाहीत. ‘तो घरी असेल’ म्हणताना आपण अंदाजच बांधत असतो. ‘ही विल बी ॲट होम’ त्यापेक्षा बरंच ठाम आहे. ‘दर वाढेल’चं ‘प्राइस विल राइज’ केलं की तुम्ही म्हणालात त्याहून जास्त तुमच्या तोंडी जातं, आणि व्यवहाराच्या पत्रात समोरचा ते आश्वासन म्हणून धरू शकतो. ‘वाढेल’ला ‘विल प्रॉबॅब्ली राइज’ पुरतं. नुसतं विल ‘वाढणार’साठी राखून ठेवा. लक्षणं डोळ्यांसमोर असतील, म्हणजे गोदामं रिकामी आहेत आणि मागणी चढती आहे, तर ‘प्राइसेस आर गोइंग टू राइज’ त्याहून नेमकं.

मस्ट मात्र इथे आणूच नका. ‘दर नक्की वाढणारच’ म्हणून ‘प्राइस मस्ट राइज’ लिहिलं तर दर वाढलाच पाहिजे असा हुकूम होतो. त्याला ‘इज बाउंड टू राइज’ आहे.

आणि वुड! आपल्याकडच्या नोटिसांत ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन फ्रायडे’ सर्रास असतं, विलपेक्षा अदबीचं वाटतं म्हणून. वाचणाऱ्याला मात्र ‘पण काही कारणाने होणार नाही’ असं पुढे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. अट असेल तरच वुड.

बेदाणा तासगाव
क्लासमध्ये सोपा तक्ता देतात: विल १०० टक्के, शुड ८०, मे ५०, माइट ३०. तो पाठ केला की झालं, एवढा काथ्याकूट कशाला?

व्याकरण कट्टा, कराड
तो तक्ता पेपरापुरता ठीक. मे आणि माइटमधला फरक इतका बारीक आहे की बरेच लोक ते अदलून-बदलून वापरतात. माइट किंचित दूरचं, एवढंच. शिवाय ‘मे वेल राइज’ म्हटलं की तेच मे वजनदार होतं, वाढण्याची बरीच शक्यता. (‘माइट ॲज वेल’ त्याच्यासारखं दिसतं, पण अर्थ निराळा: ‘वुई माइट ॲज वेल सेल नाऊ’ म्हणजे आता विकून टाकलेलंच बरं. यात अंदाज नाहीच.)

शब्दाला आकडा नसला तर काय होतं याचं जुनं उदाहरण आहे. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तचर अहवालात युगोस्लाव्हियावरच्या हल्ल्याला ‘सीरियस पॉसिबिलिटी’ म्हटलं होतं. तो अहवाल तयार करणाऱ्या गटातल्या शर्मन केंट यांच्या मनात हल्ला होण्याची शक्यता ६५ विरुद्ध ३५ अशी होती. त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं तेव्हा उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत आली, आणि मजकूर सगळ्यांनी एकमताने मान्य केलेला! असा घोळ होऊ नये म्हणून आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचे अहवाल शब्दांना आकडे बांधून देतात: लाइकली म्हणजे ६६ टक्के किंवा जास्त, व्हेरी लाइकली ९० किंवा जास्त, अनलाइकली ३३ किंवा कमी. ही त्यांनी जाहीर केलेली व्याख्या, इंग्रजीचा नियम नव्हे. तुमच्या टिपणीत एखाद्या अंदाजावर पैसा अवलंबून असेल तर शब्दावर विसंबू नका. क्विंटलमागे किती रुपयांच्या दरम्यान आणि कुठल्या तारखेपर्यंत, ते लिहा.

घाट रस्ता
त्यात भर. हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकातलं ‘आयसोलेटेड’ (आपलं ‘तुरळक ठिकाणी’) लोक कमी शक्यता म्हणून वाचतात. ते जागांबद्दल आहे: त्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. पावसाची खात्री किती, हा प्रश्न वेगळा. बेदाणा शेडवर असताना पत्रकाचा इंग्रजी सारांश करणाऱ्याने ‘आयसोलेटेड रेन’चं ‘इट माइट रेन’ करू नये.

हळदपेठ सांगली
खूप उलगडा झाला. नवा मसुदा असा आहे, पाहाल का?
‘अरायव्हल्स आर लाइकली टू पिक अप आफ्टर होळी. इफ अरायव्हल्स विल इन्क्रीज, प्राइसेस मे ईज. मेबी क्वालिटी मे ऑल्सो व्हेरी. अ शार्प फॉल विल नॉट प्रॉबॅब्ली कम बिफोर एप्रिल. देअर आर चान्सेस ऑफ रिकव्हरी इन मे.’

व्याकरण कट्टा, कराड
पहिलं वाक्य उत्तम. फक्त होळीऐवजी तारीख घाला, परराज्यातल्या माणसाला तिथी शोधायला लावू नका.

इफनंतर अशा अटीत विल येत नाही: ‘इफ अरायव्हल्स इन्क्रीज, प्राइसेस मे ईज’. मराठीत ‘वाढली तर’ म्हणताना आपणही ‘वाढेल तर’ म्हणत नाही, तेच लक्षात ठेवा.

‘कदाचित बदलू शकेल’ मराठीत खपून जातं. इंग्रजीत मेबी आणि मे एकाच वाक्यात दुबळं वाटतं, एक काढा. आणि मेबी सलग लिहिलं तर ‘कदाचित’, तोडून लिहिलं तर ‘असू शकेल’. स्पेलचेकला ही चूक बऱ्याचदा दिसत नाही.

प्रॉबॅब्ली विलच्या मागून पण वोन्टच्या आधी येतं: ‘विल प्रॉबॅब्ली कम’, ‘प्रॉबॅब्ली वोन्ट कम’. इथे ‘अ शार्प फॉल इज अनलाइकली बिफोर एप्रिल’ जास्त सुटसुटीत.

शेवटच्यात ‘देअर इज अ चान्स’, एकवचनी. तिथे क्रियापद घालून लिहायचा मोह झाला तर ‘प्राइसेस मे रिकव्हर इन मे’ नको. बरोबर आहे, पण वाचणारा दुसऱ्या मेपाशी हसेल. माइट घाला.