लहान मुलाला दाबून धरून सुई लावताना पालकांनी ‘थांबा’ म्हणावं का?

तिठा

माझं मत आधीच सांगतो: म्हणावं. दोन-तीन वर्षांचं मूल, हातपाय धरायला तिघं, शीर सापडत नाही म्हणून तिसऱ्यांदा टोचाटोची, आणि आई-बाप दाराबाहेर. हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला त्यात काही वावगंच वाटत नाही. उपचार महिनोन्महिने चालणार असतील तर पहिल्या आठवड्यातली झटापट पुढच्या प्रत्येक सुईला महागात पडते. मग मूल साधी चिकटपट्टी काढतानाही आकांत करतं.

आधी एकच विचारायचं: ‘हे आत्ताच्या आत्ता करायला हवं, की तासाभराने चालेल?’ आत्ताच हवं असेल तर वाद घालू नका, मुलाच्या डोक्याशी उभे राहा. तासाभराने चालणार असेल तर बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम मागा. जाड थर, वर पारदर्शक पट्टी, किमान ६० मिनिटं. नुसतं चोळून काही होत नाही. दोन्ही हातांवर लावून घ्या, म्हणजे एक शीर हुकली तरी दुसरी जागा तयार.

आडवं पाडण्याऐवजी मूल मांडीवर घ्या: छातीला छाती, पाय तुमच्या कमरेभोवती, एक हात तुमच्या काखेखालून मागे सिस्टरकडे. आणि सुरुवातीलाच ठरवा की एका माणसाचे दोन प्रयत्न, मग जास्त सराईत हात बोलवायचा.

रात्रपाळी

पटलं नाही. सुई कातडीखाली असताना पालक ‘थांबा’ म्हणून ओरडले की मूल हिसका देतं, शीर फुटते आणि पुढचे काही दिवस ती शीर बाद. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या मुलाच्या मुळात किती शिरा हाताला लागतात?

मलमाची दुसरी बाजूही लिहा ना. त्याने कातडी पांढरी पडते, शीर आकसते. पट्टी काढल्या काढल्या टोचायला गेलं की शीर दिसत नाही, मग पुन्हा तीच शोधाशोध. तीन महिन्यांखालच्या बाळाला जास्तीत जास्त १ ग्रॅम, १० चौरस सेंटिमीटरवर, एकच तास. त्यातल्या प्रिलोकेनमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. लहान बाळाला सल्फाचं औषध चालू असेल तर मलम नकोच.

कॅन्सरसाठी केमो चालू असलेल्या, पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला ३८.३ अंश सेल्सिअस ताप आला की अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जायला हवं. तो अख्खा तास मलमात घालवायचा?

तिठा

@रात्रपाळी, तापाच्या केसमध्ये घालवायचा नाहीच, वर तेच लिहिलंय. पण वॉर्डातल्या सगळ्याच सुया तशा नसतात. उद्या सकाळी ८ ला रक्त घ्यायचंय हे आदल्या संध्याकाळी केस पेपरवर लिहिलेलं असतं. मग पावणेसातला मलम लावायला काय अडचण आहे? शीर आकसते हे खरं. पट्टी १० मिनिटं आधी काढून हात कोमट कापडात गुंडाळला की बरीच उघडते. टेट्राकेनचं मलम मिळत असेल तर त्याने शीर आकसत नाही.

सुई आत असताना ओरडू नये, मान्य. पण सुई बाहेर निघाल्यावर, पुढचं टोचायच्या आधी, ‘आता दुसरं कुणी बघेल का?’ एवढं विचारायलाच हवं. तेवढा अवधी असतो.

खारूताई

आई-बापाने धरायचं की नाही यावर माझं मत वेगळं आहे. मांडीवर घेणं ठीक. पण पाठीतलं पाणी काढताना मुलाला कुशीवर वाकवून, गुडघे पोटाशी घेऊन स्थिर धरावं लागतं. ते काम सराव असलेल्या माणसाचं. घाबरलेला पालक मान जास्त वाकवतो आणि तान्ह्या बाळाचा श्वास अडतो. पालकाची जागा चेहऱ्यासमोर.

आणि कृपा करून ‘दुखणार नाही’ म्हणू नका. ‘टोचेल. हात हलवायचा नाही. ओरडलास तरी चालेल.’ तीन वाक्यं पुरेत. तान्ह्या बाळाला टोचण्याआधी दोन मिनिटं २४ टक्के साखरेच्या पाण्याचे थेंब जिभेवर, किंवा अंगावर पाजत असतानाच टोचणं, दोन्हींचा उपयोग होतो. साखर-पाण्याचं मात्र डॉक्टरांना विचारून. बाळाला तोंडाने काही द्यायचंच नसेल तर नाही.

चौथी बाजू

तुम्ही सगळे सुई लावतानाच्या दोन मिनिटांवर भांडताय. माझ्या मते पालकाचा खरा उपयोग सुई लागल्यानंतर सुरू होतो. सलाईन शिरेबाहेर कातडीखाली जायला लागलं की जागा फुगते, गार पडते, ताणली जाते. बोलता न येणारं मूल फक्त रडतं आणि सगळ्यांना वाटतं चिडचिड आहे. हात फळीला बांधून वर जाड बँडेज गुंडाळलं असेल तर आतलं कुणालाच दिसत नाही. सुईची जागा उघडी ठेवायला सांगा. तासातासाला हात लावून बघा, दुसऱ्या हाताशी ताडून बघा. पंपचा अलार्म वाजेल या भरवशावर राहू नका. द्रव कातडीखाली जात असतानाही पंप निमूट ढकलत राहतो. काही केमोच्या औषधांनी तिथली कातडी मरते, तिथे दहा मिनिटांची दिरंगाईही परवडत नाही.

डोसचंही तसंच. मूल १२ किलो, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२० असलेलं सिरप असेल तर साडेसात मिलिलिटर, २५० असलेलं असेल तर ३.६. बाटल्या सारख्याच दिसतात. साडेसातचा आकडा दुसऱ्या बाटलीला लागला की डोस दुप्पट. म्हणून डोस मिलिलिटरमध्ये नाही, मिलिग्रॅममध्ये विचारा. आणि कागदावरचं वजन आजचं आहे की दाखल झालं त्या दिवशीचं, हेही बघा.

रात्रपाळी

@चौथी बाजू, सुईच्या जागेबद्दल शंभर टक्के. डोसबद्दल मात्र कधी विचारायचं ते महत्त्वाचं. ट्रॉलीवर सिस्टर औषध भरत असताना मागून कुणी ‘किती मिलिग्रॅम?’ केलं की मोजणी तुटते, आणि चूक तिथेच होते. पलंगाशी आल्यावर, द्यायच्या आधी विचारा. दिवसाचं मोठं काही असेल तर राउंडला, लिहून आणलेले दोन-तीन प्रश्न. बोलायला घरातलं एकच माणूस. आईने एक विचारलं, काकांनी दुसरं, आजोबांनी फोनवरून तिसरं, की उत्तरं तीन होतात.

‘इतकं रडतंय तर झोपवून करा’ हा आग्रहही जपून. गुंगी दिली की श्वासावर, ऑक्सिजनवर नजर ठेवणारा वेगळा माणूस लागतो, आणि उपाशी ठेवावं लागतं.

खारूताई

उपाशी ठेवण्याचा विषय निघालाच आहे तर: ‘रात्री १२ नंतर काही देऊ नका’ हा सरसकट हुकूम लहान मुलासाठी चुकीचा आहे. जेवण ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, पाणी किंवा गाळलेला रस २ तास; बऱ्याच ठिकाणी आता साध्या पाण्याला १ तासच धरतात. आपला नंबर कितवा ते विचारा आणि तिथून मागे मोजा. नंबर पुढे ढकलला की लगेच ‘आता पाणी देऊ का?’ हे विचारावंच लागतं, आपणहून कुणी येऊन सांगत नाही. मनाने मात्र घोटभरही देऊ नका.

अर्धविराम

सौम्य शब्दांत विचारा, राउंडला विचारा, सगळं ठीक. पण मूल बिघडत चाललंय आणि कुणी ऐकत नाही तेव्हा? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात २०१३ पासून ‘रायन्स रूल’ आहे: आधी सिस्टर किंवा डॉक्टर, मग पाळीचे प्रमुख, तरी समाधान नाही तर पालक स्वतः फोन करून वेगळ्या डॉक्टरकडून तपासणी मागू शकतात. इंग्लंडमध्ये २०२४ पासून ‘मार्थाज रूल’ टप्प्याटप्प्याने आला. दोन्हींच्या मागे अशी मुलं आहेत ज्यांच्या पालकांची काळजी वेळेवर ऐकली गेली नाही. म्हणजे ‘थांबा’ म्हणणं ही लुडबुड नाही, काही ठिकाणी ती रुग्णालयाचीच व्यवस्था आहे.

रात्रपाळी

जिथे वेगळी टीम आहे तिथे. लहान रुग्णालयात रात्री तीनला वरचे आणि खालचे डॉक्टर एकच असतात. तिथे नियमाचं नाव घेऊन काही होत नाही, नेमकं बोलून होतं. ‘बाळ बरं वाटत नाही’ यावर मी काय करू? ‘काल दिवसभरात सहा वेळा लघवी झाली, आज सकाळपासून आठ तास डायपर कोरडा, पाय गार आहेत, हाक मारली तर बघत नाही’ यावर कुणीही उठून येईल.

अर्धविराम

आणि नाहीच आलं तर? तेव्हा शांतपणे: ‘मी हे सांगितलं आणि तुम्हाला आत्ता तपासायची गरज वाटत नाही, हे वेळेसकट केस पेपरवर लिहाल का?’

रात्रपाळी

हे वाक्य धमकीसारखं लागतं. एकदा वापरलंत की पुढचे आठ दिवस सगळे तुमच्याशी कागदापुरतं बोलतील.

चौथी बाजू

लागू दे की. मी क्रम एवढाच बदलेन: आधी ‘काय झालं तर तुम्हाला लगेच बोलवायचं?’ हे विचारून उत्तर वहीत लिहायचं. त्यातलं एक जरी दिसलं तरी त्यांच्याच शब्दांत बोलवायचं. लिहून मागायची वेळ त्यानंतरच, पण तेव्हा कचरायचं नाही.