भंगारातल्या बसचं घर: आधी पत्र्याचं बघा

वर कुणीतरी विचारलंय, भंगारातली एसटी शेतात उभी करून राहता येईल का. येईल की! केरळ एसटीने २०२० मध्ये मुन्नार डेपोत जुन्या बसमध्ये बर्थ बसवून पर्यटकांच्या झोपायची स्वस्तात सोय केलीच. पण मुन्नार थंड हो! आमच्या विदर्भात मे महिन्यात पत्र्याला हात लावून बघा. मामांच्या शेतात टेम्पोची बॉडी राखणदाराची खोली म्हणून ठेवली, तर तो दुपारभर बाहेर लिंबाखालीच. शेवटी टपावर हातभर फट सोडून बांबूचा मांडव घातला, वर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकल्या, तेव्हा कुठे आत बसवू लागलं. चाकं काढून बॉडी दगडी ठोकळ्यांवर ठेवा; टायर बसले की दार अडकतं. आणि आरटीओत नोंदणी रद्द करायला विसरू नका.