गोळ्या सुरू होऊन पंधरवडा झाला, सासरे बंद करा म्हणतात. काय करू?

बागवाली_तासगाव

नमस्कार. इथं सांगली-मिरजेकडचे बरेच जण दिसले म्हणून विचारते. आमची तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग आहे. यंदा ऐन फुलोऱ्यात पाऊस लागला, ढग काही हटेना. गळकूज झाली, जे घड राहिले त्यावर दावण्या, म्हणजे बुरशीचा रोग. फवारणीवर फवारणी. औषध दुकानाची उधारी वाढली, सोसायटीचं कर्ज आहेच.

तेव्हापासून ह्यांचं चित्त ठिकाणावर नाही. पहाटे तीनला उठून पडवीत बसतात. ताटातलं निम्मं तसंच राहतं. छातीत धडधड, तळहाताला घाम. म्हणून आधी सांगलीत हृदयाची पट्टी (ईसीजी) काढली, सगळं नॉर्मल निघालं. ते डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. असं म्हणून टेन्शन जात असतं तर मी रोज दहादा म्हणतेच की! शेवटी माझ्या भावानं मिरजेला मनोविकारतज्ज्ञांकडं नेलं. सकाळी उदासीवरची एस्सिटालोप्रॅम दहा मिलिग्रॅमची, रात्री शांत झोपेसाठी क्लोनाझेपाम अर्ध्या मिलिग्रॅमची. आता झोप जरा लागते, पण मळमळतं, आणि बागेकडं पाऊल वळत नाही. काल संध्याकाळी म्हणाले, "मी असून नसून सारखाच."

सासरे म्हणतात ही वेड्याची औषधं, सवय लागंल, बंद कर. नणंद म्हणते अश्वगंधा द्या. जाऊबाईंना कुणाची तरी नजर लागल्यासारखं वाटतंय. माझं विचारणं एवढंच की गोळ्या बंद कराव्यात का, आणि घरात मी रोज नेमकं काय करू? "मन घट्ट करा" सोडून काहीही सांगा.

मिरजेची_सिस्टर

ताई, गोळ्यांचं नंतर. "असून नसून सारखाच" हे वाक्य आधी घेऊ. आज त्यांना एकट्याला गाठून सरळ विचारा: जीव नकोसा झालाय का? स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का? विचारल्यानं माणसाच्या डोक्यात तो विचार शिरतो ही भीती खोटी आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. आणि उत्तर काहीही येवो, शेडमधली फवारणीची सगळी औषधं आजच्या आज घराबाहेर हलवा. भावाकडं ठेवा, कुलपात, किल्ली भावाकडं. बागायतदाराच्या घरी हे पहिलं काम, मग बाकीचं.

पुढची तारीख केव्हाची का असेना, डॉक्टरांना फोन करून हे वाक्य जसंच्या तसं सांगा. "हो, मनात येतं" म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, रात्र असली तरी कॅज्युअल्टीत घेऊन या. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या सांगलीच्या वसंतदादा पाटील रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

आता गोळ्या. बंद करू नका. एस्सिटालोप्रॅमचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, कधी सहा. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून दिसतो, म्हणून लोकांना वाटतं औषध उलटलं. मळमळ बहुधा ओसरते, जेवणानंतर देऊन बघा. घालमेल जास्तच वाढली तर मात्र वाट न बघता कळवा. या गोळीची चटक लागत नाही. पण एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, चिडचिड होते. म्हणून डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवायला सांगतात.

तुमचे सासरे पूर्ण चुकीचे नाहीत हं. क्लोनाझेपामची सवय लागू शकते. ती थोड्या आठवड्यांसाठीच असते, पहिली गोळी लागू पडेपर्यंतचा आधार म्हणून. "ही कधी कमी करायची?" असं पुढच्या भेटीत स्वतःहून विचारा. तिच्यासोबत दारू अजिबात नाही. आणि रक्तातलं टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, हिमोग्लोबिन झालंय का बघा. थायरॉइड मंदावलं की माणूस असाच मलूल होतो.

सह्याद्रीचा_वारा

गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा. आमचे आजोबा नांगर धरायचे, त्यांना कुठं डिप्रेशन होतं? पहाटे पाच किलोमीटर चाला, अश्वगंधा दुधातून घ्या, महिन्यात ठणठणीत.

मिरजेची_सिस्टर

चालणं उत्तमच, त्याला कुणाची ना नाही. पण ज्याला पडवीतून उठवत नाही त्याला पाच किलोमीटर सांगून काय उपयोग? अश्वगंधेनं गुंगी वाढू शकते, थायरॉइडवरही परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांना न विचारता या गोळ्यांसोबत देऊ नका. आजोबांच्या काळीही हे होतंच. "अंगात आलंय", "वारं लागलंय", "अंथरूण धरलंय" म्हणायचे.

यार्डातला_दिवाणजी

ताई, मी डॉक्टर नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून हयात गेली. घर सांगलीवाडीला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, घरात पाणी. पाणी उतरलं, चिखल काढला, भिंती वाळल्या आणि मग महिन्याभरानं मी बसलो. पूर असताना काही झालं नाही, नंतर झालं, याचं घरच्यांना नवल. सौद्याला गेलो की पोत्यात हात घालून हळकुंड काढायचं, कटकन मोडायचं, आतला रंग बघायचा. हे हात आपोआप करायचे. तेव्हा हळकुंड हातात धरून मी नुसता उभा राहायचो. मोडून काय बघायचं तेच सुचेना. बेरीज तीनदा करायची, तीन वेगळ्या यायच्या.

गोळ्यांनी मला उभं केलं, पण चालायला शिकवलं समुपदेशनानं. त्या बाईंचं पहिलं सांगणं मला तेव्हा उफराटं वाटलं. आपण म्हणतो मन लागलं की काम करू. त्या म्हणाल्या, या आजारात मन आधी लागतच नाही, काम आधी करायचं. तेही एवढं बारीक की नाही म्हणायला लाज वाटावी. ते काम किती जड वाटतंय ते आधी दहापैकी लिहायचं, करून झाल्यावर पुन्हा लिहायचं. मी अडतीच्या लाल चोपडीतच लिहायला लागलो. जवळजवळ रोज आधीचा आकडा मोठा आणि नंतरचा लहान. हिशेबाचा माणूस मी, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर नाही, पण त्या आकड्यांवर विश्वास बसला.

तुमच्या घरचं बघता, त्यांना "बागेत जा" म्हणू नका. बागेत गेलं की घड दिसणार, घड दिसले की उधारी दिसणार. "एका ओळीची ठिबकची नळी बघून येऊ, ड्रिपरमधून पाणी पडतंय का तेवढंच" असं म्हणा आणि तुम्ही सोबत जा. वर मांडवाकडं बघायचं नाही. एक ओळ झाली की परत. दुसऱ्या दिवशीही एकच. ते स्वतःहून दुसरीकडं वळले तर वळू द्या, तुम्ही सुचवू नका. सासऱ्यांना बरोबर पाठवलं तर आणखी चांगलं, त्यांनाही काहीतरी करायला मिळेल. पुढच्या भेटीला डॉक्टरांकडेही त्यांना न्या. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरनं सांगितलेलं, म्हाताऱ्या माणसाला फरक पडतो.

उधारीचं बोलतो, हा माझा प्रांत. एकूण देणं किती, हे त्यांनी एका कागदावर लिहिलंय का? माझी पैज, लिहिलेलं नाही. पहाटे तीनला मनात जी बेरीज होते ती कधीच खरी नसते, फुगलेली असते. एका दुपारी, जेवणानंतर, तुम्ही आणि भाऊ बसा. दुकानाचं किती, सोसायटीचं किती, हातउसनं किती, कधी द्यायचं. शेजारी दुसरा कागद: यातलं आपल्या हातात काय. दुकानदाराला भेटून हप्ते मागणं हातात आहे. सोसायटीच्या सचिवाला विचारणं हातात आहे. पाऊस नाही. त्यांना लगेच दाखवायची घाई नको, मागतील तेव्हा दाखवा.

मला बाईंनी काळजीची वेळ ठरवून दिली होती. संध्याकाळी अर्धा तास, दिवेलागणीच्या आधी. दिवसभरात विचार आला की "सहाला बघू" म्हणून चिठ्ठीवर टिपायचा. सहाला चिठ्ठ्या उघडल्या की निम्म्या फालतू निघायच्या. उरलेल्या निम्म्या खऱ्या असायच्या, खोटं का सांगू, पण त्या दिवसा बघितल्या की काही तरी करता यायचं. अंथरुणावर काय करणार?

धडधडीचं. मला आयर्विन पुलावर व्हायचं. खाली कृष्णा, बाजूनं गाड्या, मध्यावर आलं की आता पडतो असं वाटायचं. मग मी पूलच टाळायला लागलो, वळसा घालून जायचो. टाळलं की भीती दुणावते, हे त्यांनी समजावलं. आधी मुलासोबत पुलाच्या तोंडाशी उभा राहिलो. मग दोन कमानी. धडधड सुरू झाली की पळायचं नाही, तिथंच थांबायचं, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. दहाएक मिनिटांत लाट चढते नि उतरते. तुमच्या ह्यांची पट्टी नॉर्मल आली आहे म्हणून हे सांगतो, आधी हृदय तपासणं गरजेचंच.

चारनंतर चहा बंद करा. दुपारी आडवं होणं बंद. तंबाखू असेल तर आत्ताच सोडायला लावू नका, एका वेळी एकच लढाई. आणि शेजारपाजारचे विचारतील तर "पित्त वाढलंय" म्हणून मोकळं व्हा, सगळ्यांना सगळं सांगायची सक्ती नाही.

बागवाली_तासगाव

सिस्टर, काल रात्री विचारलं. आधी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन-तीनदा मनात आलं, पण पोरींचं तोंड दिसलं." मला हातपाय गार पडल्यासारखं झालं, पण ते नंतर नीट झोपले. सकाळीच भावानं शेड रिकामी केली, बाटल्या सगळ्या त्यांच्या गोदामात गेल्या. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी उद्याच बोलावलंय. सासरेही येतो म्हणाले. का, ते विचारलं नाही.

काका, नळीचं सांगितलं. "ती काय बघायची, मी बघितल्यात जन्मभर," म्हणाले, पण चपला घातल्या. ओळ अर्धी झाली.

एक राहिलं. ट्रॅक्टरला जोडलेल्या ब्लोअरची फवारणी पहाटेच करावी लागते, उन्हात चालत नाही. रात्रीची गोळी घेऊन पहाटे ट्रॅक्टर चालवलेला चालतो का?

मिरजेची_सिस्टर

नको. क्लोनाझेपामची गुंगी सकाळीही राहते, ट्रॅक्टर, मोटरसायकल दोन्ही टाळा. आणि सध्या फवारणीच्या औषधाशी त्यांचा संबंधच नको. भावाला किंवा मजुराला सांगा, लागेल तेवढंच औषध भावानं मोजून आणावं, उरलेलं परत न्यावं. उद्या डॉक्टरांना हे तिन्ही विचारा: रात्रीच्या गोळीची वेळ अलीकडं आणता येईल का, ती कधी उतरवायची, आणि समुपदेशनाला कुणाकडं जायचं. पोरींचं जे म्हणाले तेही सांगा, त्यांच्यासमोरच. उद्यापर्यंत रात्री कुणीतरी त्यांच्याजवळ झोपा. मला उद्या ड्युटी आहे, संध्याकाळी इथं बघते.