आबा-सरांचा बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला

ए-१०४ काकू : अहो, जिंकलं कोण? आमचे आबा साडेदहाला वर आले, "सुटला" एवढंच म्हणाले आणि न बोलता पेज प्यायले.

बी-३०२ ताई : बरोबरी झाली काकू. साडेतीन तास! लाईट दोनदा गेली, पत्र्यावर पाऊस कोसळत होता, दोघंही हलले नाहीत.

सी-२०१ दादा : एवढा वेळ खेळून निकाल नाहीच? मग आधीच हात मिळवायचे ना.

बी-३०२ ताई : नाही हो दादा, मी शेजारीच बसले होते. आबांचं एक प्यादं जास्त होतं. शेवटी दोघांचे राजे, एकेक हत्ती आणि आबांचं ई-५ या घरातलं प्यादं (अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या रांगेचा), एवढंच उरलं. सरांचा राजा प्याद्याच्या वाटेवर, ई-८ ला. सरांनी हत्ती बी-६ ला आणला आणि सहावी रांग सोडलीच नाही. त्यामुळे आबांच्या राजाला त्या रांगेत पाऊल टाकता येईना. शेवटी आबांनी प्यादं ई-६ ला सरकवलं. लगेच सरांचा हत्ती थेट खाली बी-१ ला, आणि मागून शहावर शह! प्यादं पुढे गेलेलं, राजाला आडोसाच उरला नाही. सर हत्ती आठव्या रांगेत घेऊन बसले असते तर हरले असते.

बी-१०१ सर : हा बचाव फिलिदोरचा, माझा नव्हे. अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू, शिवाय मोठा संगीतकार. शिकलो होतो, पण खऱ्या डावात वेळ काल पहिल्यांदा आली. हात थरथरत होता.

सी-२०१ दादा : मला वाटायचं, कंटाळून सोडला की बरोबरी.

बी-३०२ ताई : २०१८ ला लंडनमध्ये जगज्जेता कार्लसन आणि आव्हानवीर कारुआना यांचे बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले, जगज्जेतेपद जलद डावांवर ठरलं. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचंही तेच. २०२५ च्या महिला विश्वचषकात कोनेरू हम्पीशी अंतिम फेरीतले पहिले दोन्ही डाव बरोबरीत, मग टायब्रेकच्या जलद डावांत जिंकली.

ए-१०४ आबा : रात्री दोनला उठून पट मांडला. ई-६ न करता थांबून पाहिलं, तरी सरांची रांग फुटत नाही. माझं चुकलं ते आधीच. घोड्याला घोडा मारायला नको होता.

बी-१०१ सर : आबा, तुमचा घोडा पटावरून जाईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. संध्याकाळी खाली या, तिथूनच पुढे मांडून बघू.

ए-१०४ आबा : येतो. पांढरी तुम्ही घ्या.