कोरीची पिल्लं तिसऱ्या आठवड्यात मरतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. हॉलमध्ये तीन फुटी टाकी आहे, त्यात सहा ब्राँझ कोरी (तळाशी राहणारे छोटे मिशीवाले मासे). दोन वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या बाजारातून पिशवीत घालून लोकलने आणल्या होत्या, तेव्हा नखाएवढ्या होत्या. आता माद्या वरून पाहिलं की चांगल्या गुबगुबीत दिसतात.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या दिवशी मी पाणी बदललं, नळाचं पाणी नेहमीपेक्षा गार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काचेवर साबुदाण्यासारखी अंडी! जुन्या डेबिट कार्डाने अलगद खरवडली, चार लिटरच्या आइस्क्रीमच्या डब्यात ठेवली, मिथिलीन ब्लूचा (बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाचा) थेंब आणि एअरस्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड. चौथ्या दिवशी फुटली. मोजली तर 43 पिल्लं. मी ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

पहिले दोन आठवडे सगळं छान. तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी चार-पाच उताणी पडलेली. चोविसाव्या दिवशी दोन उरली. जुलैच्या शेवटी दुसरी खेप, तीच गत. आता तिसरी खेप चालू आहे. आज अकरावा दिवस, 38 आहेत आणि मला रात्री झोप नाही.

खायला उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून आणि फ्लेक फूडची पूड, दिवसातून चार वेळा. दुकानदाराने सांगितलं होतं, पिल्लं भुकेने मरतात म्हणून. पण मेलेल्या पिल्लांची पोटं भरलेली असतात! मोबाइलने झूम करून पाहिलं, पांढरी टम्म पोटं. मग भुकेने कशी मरतील? पाणी दर दोन दिवसांनी अर्धं बदलतो, बादलीत रात्रभर ठेवलेलं. तापमान 28.

आईचं म्हणणं, "एकीकडे माशांसाठी रात्र जागतोस आणि रविवारी बोंबील आणायला मलाच पाठवतोस." तिला उत्तर नाही माझ्याकडे. तुमच्याकडे माझ्या प्रश्नाचं असेल तर सांगा.

पाणमांजर:
डब्यात फिल्टर आहे का? नुसता एअरस्टोन म्हणजे फिल्टर नाही. आणि अमोनिया, म्हणजे घाणीतून पाण्यात सुटणारं विष, कधी तपासलाय?

धागाकर्ता:
फिल्टर नाही. स्पंज लावला होता दुसऱ्या खेपेला, नवा कोरा. अमोनिया नाही तपासला. पाणी दिसायला स्वच्छ असतं, सकाळी थोडं दुधाळ.

पाणमांजर:
"थोडं दुधाळ" इथेच उत्तर आहे. बलक पाण्यात विरघळतो आणि कुजतो. पहिल्या आठवड्यात पिल्लं मुंगीएवढी, त्यांची घाणही तेवढीच. तिसऱ्या आठवड्यात ती तिप्पट खातात, तुम्ही त्या मानाने जास्त घालता, डबा मात्र तोच चार लिटरचा. अमोनिया वाढतो आणि 28 अंशांना तो जास्त जाचतो. नव्या स्पंजात अमोनिया पचवणारे जिवाणूच नसतात, त्यामुळे तो काही करत नाही.

आज करायचं ते: बलक बंद. रोज, रोज म्हणजे रोज, एक तृतीयांश पाणी. हवेच्या पंपाची बारीक नळी घेऊन तळाची घाण वाटीत ओढून घ्या. घाईत पिल्लू ओढलं गेलं तर वाटीत दिसेल, म्हणून वाटी, बादली नाही. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि हळूहळू ओता. डबा मोठा घ्या, किंवा सरळ मुख्य टाकीच्या काचेवर लटकणारा ब्रीडर बॉक्स, ज्यात टाकीचंच पाणी फिरत राहतं. मी तेच केलं, फार फरक पडला.

जुनाटाकीवाला:
खाण्याबद्दल बोलतो, कारण पाणमांजर पाण्यावर जे बोलले ते बरोबरच आहे. आर्टेमिया काढा, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीची अंडी आणून घरीच फोडा. एका लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम खडे मीठ, प्लास्टिकची उलटी बाटली, खालून हवा. आपल्याकडे हीटर लागत नाही, 24 तासांत फुटतात. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात आणि आर्टेमियाची पिल्लं खाली बसतात, तिथून नळीने काढा. बारीक जाळीवर गाळून गोड्या पाण्यात धुवा, मगच द्या. कोरींची पोटं नारिंगी दिसायला लागतील, तुमच्या पांढऱ्या पोटांपेक्षा बरी. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांतच मरतो, म्हणून दिवसातून दोन-तीनदा थोडाच द्या आणि उरलेला काढा. मायक्रोवर्म (बारीक पांढरे किडे) मिळाले तर उत्तम. ओट्सच्या लापशीवर डब्यात वाढतात, पाण्यात तळाला बसतात आणि कोरी तळालाच खाते.

शेवाळ:
एक वेगळं मत. उघड्या तळाच्या डब्यात चिकट थर धरतो आणि पिल्लांच्या मिशा गळतात. मी अगदी पातळ, बारीक धुतलेली वाळू घालतो. शिवाय कॉलनीत देशी बदामाची झाडं असतीलच, पिकून गळलेलं तपकिरी पान धुवून टाका. बुरशीला थोडा आळा बसतो आणि पानावर जो बुळबुळीत थर येतो तो पिल्लं खात बसतात.

पाणमांजर:
बदामाचं पान मान्य. वाळू पहिल्या महिन्यात नको, खालची घाण दिसतच नाही. अनुभवी माणसाचं ठीक आहे, याला आधी घाण दिसू दे.

शेवाळ:
बरं, तुमचं खरं. पण मिशा बघत राहा.

जुनाटाकीवाला:
आणि पिल्लं हलवताना जाळी नको. कोरीच्या पंखाला काटा असतो, तो ताठ करून अडकते आणि सोडवताना पिल्लू फाटतं. चहाचा कप वापरा. साधारण एक इंच झाली की मुख्य टाकीत सोडता येतात. अंडी घालण्याइतकी मोठी व्हायला मात्र आठ महिने ते वर्ष लागतं. (2024 च्या वर्गीकरणात ब्राँझ कोरीचं नाव ऑस्टिओगास्टर झालंय. बाजारात कोणी तसं मागू नका.)

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. दुकानातून अमोनियाची किट आणली. डब्यातलं पाणी टाकलं तर नळी गडद हिरवी (म्हणजे अमोनिया भरपूर), मुख्य टाकीचं पिवळं (म्हणजे नाही). आईला दाखवलं, ती म्हणाली "हे रंग बघून आमच्या वेळी कपडे धुवायचे." ब्रीडर बॉक्स लावलाय, बलक बंद, आर्टेमिया उद्या सकाळी फुटतील. बदामाचं पान वॉचमनने आणून दिलं, त्याला वाटलं घरात कोणी आजारी आहे.

एक शंका राहिली. सोसायटीच्या फलकावर येत्या शनिवारी पाण्याच्या टाक्या धुण्याची सूचना आहे. गेल्या वेळी नंतर दोन दिवस ब्लीचिंगचा वास होता. त्या दिवशी पाणी बदलू का नको?

पाणमांजर:
शुक्रवारी रात्री दोन बादल्या भरून झाकून ठेवा, रविवारपर्यंत त्याच वापरा. नंतर नळाचं घ्याल तेव्हा हायपोचे (क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे) दोन खडे टाकून, हुंगून मगच.

धागाकर्ता:
ठीक. बादल्या बाथरूममध्ये ठेवल्या तर आई ओरडेल, गॅलरीत ठेवतो. आज रात्री टॉर्च मारून मोजली. 37 आहेत.